सावंतबाई, तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत

सावंतबाई,

मी विक्रीकर खात्यात कायम झाले ती तुमच्यामुळे, आणि सहा महिने उशिरा कायम झाले तीही तुमच्यामुळेच. या दोन गोष्टी एका दमात तुमच्या तोंडावर बोलायचं धाडस मला कधी झालं नाही. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. आता धाडसाचा प्रश्नच उरला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शनिवारी ऑफिसात शोकसभा झाली. साहेब बोलले, युनियनचे सेक्रेटरी बोलले, आयुष्यभर तुमच्याशी भांडलेले दोन करसल्लागारही मुद्दाम येऊन बोलून गेले. प्रत्येकाच्या बोलण्यात 'बाई कडक होत्या' हे होतंच. चौथ्यांदा ऐकल्यावर मला हसू फुटलं. तुम्ही मागच्या रांगेत असतात तर नक्की म्हणाला असतात, "अगो, मी बाई होते की चकली?" मला बोलायला उभं केलं तेव्हा "बाईंनी मला काम शिकवलं" एवढंच बोलून मी खाली बसले. पुढचं तिथं सांगण्यासारखं नव्हतं. साहेबांसमोर तर नव्हतंच.

मी दहिवडीची. आबा एसटी स्टँडवर हमाली करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बी.कॉम. झाले, परीक्षा दिली आणि विक्रीकर निरीक्षक म्हणून मुंबईच्या उपनगरात नेमणूक झाली, तेव्हा आबांनी स्टँडवरच्या साऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचं ओझं घेऊनच मी आपल्या ऑफिसात आले. पहिल्या दिवशी टेबलाजवळून कुणीही गेलं की मी उठून उभी राहायची. शिपाई गेला तरी उभी. तुमच्या हाताखाली मला काम शिकायचं होतं, आणि तुम्ही समोरून बघत होतात.

"बस गो. अशा उठाबशा काढल्यास तर रिटायर होईपर्यंत गुडघे टिकायचे नाहीत. शिकलीस किती?"

"बी.कॉम., बाई. पहिला वर्ग."

"मग जरा वेळ लागेल तुला."

"कशाला?"

"शिकायला."

मला राग आला होता. तुम्ही जुन्या मॅट्रिक आहात हे मला सकाळीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

कोणी नव्यानं धंदा सुरू करून नोंदणीसाठी अर्ज केला, की आपल्यापैकी कुणीतरी त्या जागेवर जाऊन यायचं, धंदा खरंच आहे का ते बघायचं आणि साहेबांना एक पानाचा अहवाल द्यायचा. त्या पानावर त्या माणसाला नोंदणीचा नंबर मिळणं किंवा अडणं अवलंबून. खोट्या पत्त्यावर नंबर काढून नुसती बिलं विकणारे लोक या शहरात कमी नाहीत, म्हणून प्रशिक्षणात आम्हा नव्यांना एकच घोकवलं होतं: संशय घ्या. तुमची शिकवणी निराळी. "आधी नाक, मग डोळे, मग कागद." तुम्ही दारातच थांबून वास घ्यायचात. शाईचा वास न येणारा छापखाना आणि भुशाचा वास न येणारी सुताराची वखार तुम्ही उंबऱ्यावरूनच ओळखायचात. मिळालं तर पाणी प्यायचं, चहा नाही. मालकानं फडका मारून पुढे केलेल्या खुर्चीत बसायचं नाही. आणि प्रत्येक जागी दोनदा जायचं, एकदा कळवून आणि एकदा न कळवता.

एकदा मुलुंडहून परतताना तुम्ही मला सगळं करखातं चार वाक्यांत समजावलं होतंत. आपण एका लोखंडवाल्याकडे जाऊन आलो होतो आणि तो बिचारा आपल्याला बघून घामाघूम झाला होता. "त्याच्या जागी उभी राहून बघ," तुम्ही म्हणालात. "माल कारखान्यातून निघाला की केंद्राचे एक्साइजवाले. मुलुंडच्या नाक्यावर आला की महापालिकेचे जकातवाले. दुकानात विकला की आपण. चार पैसे उरले की इन्कम टॅक्स. हे चौघं आयुष्यात कधी एकमेकांशी बोलत नाहीत. चौघांशी बोलतो तो एकटा व्यापारी, आणि तो चौघांना चार वेगळ्या गोष्टी सांगतो." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "पण एखादा चौघांना एकच गोष्ट सांगतो. तो ओळखता आला पाहिजे. नाहीतर आपला पगार फुकटचा."

तुमच्या घरी तेव्हा तो एकच पगार येत होता, हे मला फार उशिरा कळलं. गिरण्यांच्या संपानंतर तुमच्या मिस्टरांसाठी गिरणीचं दार परत उघडलंच नाही. तुम्ही ते ऑफिसात कधी बोलला नाहीत.

तुम्ही दोनदा जायला सांगितलं होतंत. मी एकदाच गेले.

अर्ज होता तावडेकाकींचा. घाटकोपरच्या डोंगराकडची चाळ, मसाल्याचा धंदा. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर होतात. मी दुपारी तीनला पोचले. एक खोली, त्यात पाळणा, कॉट, स्टोव्ह आणि देवाचं कॅलेंडर. काकी नव्हत्या. त्यांची सून बाळाला पाजत बसली होती, मला बघून गोंधळलीच.

"माल कुठं आहे?" मी विचारलं.

"हितं नाय."

"मग कुठं?"

"सासूबाई आल्या की सांगतील."

मी वास घेतला. खोलीत बाळाच्या पावडरचा वास होता. बाहेर फलक नव्हता. शेजारच्या दाराशी दोन बायका उभ्या होत्या, त्यांना मी काही विचारलं नाही. मला वाटलं, सापडली खोटी पार्टी. ऑफिसात येऊन माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: 'माल नाही, फलक नाही, सदर ठिकाणी कोणताही व्यवसाय आढळून आला नाही.' खरं सांगते, त्या रात्री आबांना पत्र लिहिलं त्यात हा पराक्रमही लिहिला.

अर्ज नामंजूर झाला. तीन आठवड्यांनी काकी स्टीलचा डबा घेऊन आमच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"ताई, नंबर नाय म्हणून कागद आला. आमचा काय चुकला?"

"तिथं धंदाच नव्हता," मी म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

"नव्हता कसा? सात जणी आहोत आम्ही!" असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी शिंकलं. तुम्ही फाईल बंद करून उठलात, डब्याजवळ आलात.

"मिरची बेडगी?"

"बेडगी आणि संकेश्वरी, दोनीव."

"भाजता कुठे गो?"

"चाळीच्या पाठीमागं, उघड्यावर. घरात भाजला तर शेजारी मारतील."

तुम्ही झाकण लावून डबा त्यांच्या हातात परत दिलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ऊठ. छत्री घे."

त्या दुपारी तावडेकाकींनी चाळीतली एकेक कडी वाजवली. प्रत्येक दार उघडलं आणि प्रत्येक कॉटखालून एकेक पत्र्याचा डबा बाहेर आला. एकीकडे मिरच्या, एकीकडे धने, तिसरीकडे खडा मसाला, चौथीकडे कांडून आणलेला तयार माल. शेवटच्या खोलीत एक म्हातारी मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं चिकटवत बसली होती. काकींच्या नातवाला दम लागायचा, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खोलीत मिरचीचं देठसुद्धा ठेवत नव्हते. सात जणींचे नवरे एकाच गिरणीतले. संप लांबला तेव्हा बायकांनी हे सुरू केलं. आता विक्रोळीच्या एका कारखान्याचं कँटीन दर महिन्याला मसाला घ्यायला तयार झालं होतं. अट एकच, विक्रीकराचा नंबर हवा, आणि तोही महिनाअखेरीच्या आत. नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. आपल्या अर्जात 'व्यवसायाचे ठिकाण' यापुढे दोनच ओळी सोडलेल्या असतात. काकींनी प्रामाणिकपणे स्वतःच्या खोलीचा पत्ता घातला होता.

उतारावरून खाली येताना तुम्ही पुढे चालत राहिलात. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात आल्यावर मीच विचारलं, "त्यांना अपील करायला सांगू?"

"अपिलाची तारीख लागेपर्यंत कँटीनवाले दुसऱ्याचा मसाला खाऊन मोकळे होतील. तू लिही."

"काय लिहू?"

"आधीचा अहवाल चुकीचा होता म्हणून."

"बाई, पुढच्या महिन्यात माझं प्रोबेशन संपतंय. तुम्ही लिहा ना. पुन्हा भेट दिली, परिस्थिती वेगळी आढळली, असं. तुमच्या सहीनं काम होऊन जाईल."

"होईल ना. मग तुझाही अहवाल खरा, माझाही खरा, आणि मधल्या तीन आठवड्यांत तावडीणबाईंनी धंदा उभा केला. सही तुझी होती. तूच खोड."

मी दीड पान लिहून आणलं. त्यात दुपारची वेळ होती, सुनेचं नीट न बोलणं होतं, प्रशिक्षणातल्या सूचना होत्या. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि दीड पानावर आडवी रेघ ओढत गेलात. "कारणं घरी आईला सांग. इथं काय बघितलंस आणि काय बघितलं नाहीस, तेवढंच." शेवटी पाच ओळी राहिल्या. त्यातली एक अजून पाठ आहे: 'मी एकदाच भेट दिली व शेजारी चौकशी केली नाही.' बायकांच्या खोलीत जाऊन मी रडले, तोंड धुतलं आणि ते पान साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

काकींना आठ दिवसांत नंबर मिळाला, सातही खोल्यांची यादी जोडून, आणि कँटीनची ऑर्डरही हातची गेली नाही. करसल्लागारांत त्यांचं नावच पडलं, 'सात गोदामांची मालकीण'. त्या मसाल्याचा डबा घेऊन आल्या तो तुम्ही परत पाठवलात, आणि रविवारी त्यांच्या चाळीत जाऊन तोच मसाला विकत घेतलात. वर बिल मागितलंत. काकींनी आयुष्यातलं पहिलं बिल सावंतबाईंच्या नावानं फाडलं. ही गोष्ट त्या अजून सगळ्यांना सांगतात.

माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं.

आपल्या ऑफिसात एक रीत होती, नियमात नसलेली. नव्या माणसाचं प्रोबेशन संपत आलं, की ज्या निरीक्षकाच्या हाताखाली तो शिकला त्यानं साहेबांना दोन ओळींची चिठ्ठी द्यायची: काम समाधानकारक आहे. साहेब तीच बघून सही करायचे. माझ्या आधीच्या तिघांसाठी तुम्ही ती दिली होतीत. मी वाट बघत राहिले. तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हाही, "तिचे कागद तुमच्यासमोर आहेत," एवढंच म्हणालात, असं मला शिपायानं सांगितलं.

आबांना कळवावं लागलं. ते लिहीत नाहीत, स्टँडवरच्या एका कंडक्टरकडून उत्तर लिहून घेतात. उत्तर आलं: 'लोक विचारतात पोर कायम झाली का. मी सांगतो, गाडी लेट आहे.' ते पोस्टकार्ड मी डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं. त्या दुपारी जेवताना मला राहवलं नाही.

"तुमच्या दोन ओळी पुरल्या असत्या, बाई."

"पुरल्या असत्या."

"मग का नाही दिल्यात?"

"चिठ्ठीवर टिकलेल्या माणसाला उद्या दुसरा कुणीपण चिठ्ठी पाठवतो. मग नाही म्हणता येत नाही गो."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही कायम आहात!"

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि अर्धं जेवण टाकून उठलात. त्यानंतर चार महिने मी तुमच्या शेजारी जेवायला बसले नाही. तुम्ही रोज मला कामाच्या फायली देत होतात, मी त्या घेत होते, आणि "हो बाई", "नाही बाई" यापलीकडे आपल्यात काही नव्हतं.

आता जे लिहिते आहे ते कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नव्हतं.

वाढीव प्रोबेशनच्या पाचव्या महिन्यात एक करसल्लागार माझ्याकडे आला. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. "मॅडम, तुमचं कायमचं प्रकरण अडकलंय ऐकलं. वर आपली ओळख आहे. एक शब्द टाकतो, काम झालंच समजा." मग जाता जाता म्हणाला, "आमच्या एका पार्टीची भेट तुमच्याकडे आहे. उन्हाचं कशाला जाता? कागद सगळे क्लिअर आहेत." मी हो म्हटलं नाही. पण बाई, नाहीही म्हटलं नाही. दोन दिवस मी ती फाईल खणात ठेवली. दोन दिवस मला आबांचं पोस्टकार्ड आठवत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, एकदाच. कागद तर खरंच क्लिअर होते.

तिसऱ्या दिवशी मी गेले, ते काही मोठ्या निर्धारानं नाही. तुमचं 'मग नाही म्हणता येत नाही गो' डोक्यातून जाईना, आणि त्या वाक्याचा मला इतका राग होता, की ते चुकीचं ठरवायला म्हणूनच गेले असेन. एकदा कळवून गेले, तेव्हा दुकान उघडं होतं आणि चार खोकी मांडलेली होती. आठवड्यानं न कळवता गेले, तेव्हा शटरला कुलूप. शेजारच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या एका दिवशी उघडलं होतं ना, बाई? तेवढंच. त्याच्याआधी दिवाळीपासून बंद." मी अहवाल लिहिला. वाक्य तेच होतं: कोणताही व्यवसाय आढळून आला नाही.

करसल्लागार थेट साहेबांकडे गेला. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा तो खुर्चीत बसला होता. "सर, या मॅडमची ही सवयच आहे. मागे त्या मसालेवालीच्या वेळी पण हेच लिहिलं होतं, 'व्यवसाय आढळला नाही'. तो अहवाल खोटा निघाला की नाही?" त्याला सगळं माहीत होतं. मला वाटलं, संपलं. दहिवडीची गाडी पकडायची.

साहेबांनी ती जुनी फाईल मागवली. माझ्या त्या पाच ओळी वाचल्या, सावकाश, दोनदा. मग त्याला म्हणाले, "ही मुलगी चुकली की स्वतःच्या हातानं लिहून देते. या वेळी लिहून दिलेलं नाही. म्हणजे चुकलेली नाही." तो माणूस उठून गेला. वाढीव सहा महिने संपले तेव्हा माझा कायम झाल्याचा आदेश निघाला. चिठ्ठी कुणीच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन तुमच्या शेजारी बसले. तुम्ही सुक्या बोंबलाचा तुकडा माझ्या झाकणात टाकलात आणि म्हणालात, "आज वार नाही ना गो तुझा?" मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं तुम्ही समजलात की नाही, कोण जाणे. ते दोन दिवस मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवे होते. मला भीती वाटली, की फाईल खणात ठेवणारी मुलगी तुमच्या नजरेतून उतरेल. आता वाटतं, तुम्ही एवढंच विचारलं असतंत, "तिसऱ्या दिवशी गेलीस ना?"

शेवटची आपली भेट तुमच्या मुलुंडच्या घरी. तुम्ही गॅलरीत शाल घेऊन बसला होतात, बोलताना धाप लागत होती. तावडेकाकींची चौकशी केलीत. मी म्हटलं, अकरा जणी झाल्या, आता रीतसर गाळा घेतलाय. "फलक लावला?" लावला, बाई. तुम्ही समाधानानं मान हलवलीत. मग खाली रस्त्याकडे बघत एकदम विचारलंत:

"तेव्हा मी तुझ्यासोबत केबिनपर्यंत यायला हवं होतं का गो?"

आजारी माणसाला काय सांगायचं? मी म्हणाले, "छे हो बाई. तुमचं बरोबरच होतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हे बघून सांगतेस की न बघता?"

तेवढ्यात तुमचे मिस्टर चहा घेऊन आले. बोलणं सोसायटीच्या पाण्याच्या वेळेवर गेलं, आणि तिथंच राहिलं. पुढच्या रविवारी येते म्हणाले. महिनाअखेरीच्या विवरणपत्रांच्या ढिगात तो रविवार गेला.

मी आता नीट बघून सांगते.

चिठ्ठी दिली नाहीत ते बरोबर होतं. मला लिहायला लावलंत ते बरोबर होतं. माझी कारणं खोडलीत तेही बरोबरच, कारण त्या कारणांसकट ते पान असतं तर साहेबांनी ते मला वाचवायला वापरलंच नसतं. तुमच्याइतकं सरळ काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि माझ्या नोकरीत अजून तीस वर्षं आहेत तरी पाहीन असं वाटत नाही.

पण हो, बाई, केबिनपर्यंत यायला हवं होतं. त्या पाच ओळी घेऊन गेले त्या दिवशी मी दारावर दोनदा हात नेला आणि मागे घेतला. वळून पाहिलं तर तुम्ही टेबलावर मान घालून फाईल वाचत होतात आणि बराच वेळ पान उलटत नव्हतात. ते मी तेव्हाही पाहिलं होतं. तुम्हाला आत यायची गरज नव्हती, माझ्या बाजूनं बोलायचीही नव्हती. नुसत्या दाराबाहेर उभ्या राहिला असतात तरी चाललं असतं. अहवाल माझाच राहिला असता.